अण्णांचा फुगा

आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो कापड फाटण्याच्या आवाजाने. महाद्वार रोडच्या मागच्या एका बोळात पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या असं आमचं घर, मध्ये फक्त एक पडदा. पडद्याच्या अलीकडे आईच्या पोळपाटाची खडखड, पलीकडे ताग्यांचा धपधपाट. अण्णा म्हणजे माझे वडील, कोडोलीची शेती थोरल्या भावाच्या हवाली करून कोल्हापुरात कापड विकायला बसलेले. गिऱ्हाईक टेकलं की ते ताग्याला असा झटका द्यायचे की कापड गादीवर लोळत जाऊन गिऱ्हाइकाच्या मांडीला लागलं पाहिजे. मग लोखंडी गजाने मापायचं, काठाला कात्रीने एवढीशी चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचं. कात्री त्या चिरेपुरतीच. पुढचं कापड धाग्याच्या कलाने सरळच फाटतं, यावर अण्णांची श्रद्धा होती आणि कापडानेही ती कधी मोडली नाही. सोबत त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "आटत न्हाय, इरत न्हाय, रंग जात न्हाय. पावणं, डोळं झाकून न्या!" तो टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या सुताचा जमाना होता. उन्हाळ्यात त्या शर्टात माणूस शिजून निघायचा, पण इस्त्री मोडायची नाही, म्हणून सगळे खूश.

आमचं घर जैनांचं. कांदा, लसूण, बटाटा उंबऱ्याच्या आत येत नसे आणि दिवे लागायच्या आत जेवणं उरकायची, त्यामुळे दुकानाच्या ऐन गर्दीच्या वेळी आई पडद्यातून हात बाहेर काढून अण्णांना ताट दाखवायची आणि अण्णा गिऱ्हाइकाला "आलो, दोन घास खाऊन" म्हणून आत पळायचे. भाकरी, मुगाची आमटी, बटाट्याच्या जागी कच्च्या केळ्याची भाजी, आणि दोडका असला की त्याच्या शिरांची चटणी. त्या शिरा आई तव्यावर तिळाबरोबर अशा कुरकुरीत करायची की मी नुसत्याच खायची. शीर म्हटलं की आमच्या घरात पहिल्यांदा दोडका आठवायचा, हे इथेच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ शब्दांचाच आहे. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कांद्याला पाप म्हणणारा आमचा हा बाप बिडी ओढायचा. मागच्या मोरीजवळ उभं राहून, चोरून, म्हणजे घरातल्या सगळ्यांना माहीत असताना चोरून. आईचं माहेर निपाणीकडचं. ती ओरडली की अण्णा म्हणायचे, "तुझ्या माहेरचाच तंबाखू हाय, सासुरवाडीचा मान राखतोय."

या बिडीतले त्यांचे भागीदार कांबळेमामा. समोरच्या चाळीत राहायचे, मूळचे नेसरीचे, आणि जन्मभर एसटीचे ड्रायव्हर. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी पांढऱ्या शर्टाचं कापड घ्यायला ते आले की अण्णा ते कुणा गड्याला फाडू देत नसत. मामांचा आवाज घाटात हॉर्न वाजवल्यासारखा होता, निवृत्त झाल्यावरही कमी झाला नाही. त्यांच्या हृदयाची शीर तुंबली तेव्हा मुलाने त्यांना मुंबईला नेलं आणि तिथे त्यांना फुगा घातला. मांडीच्या सांध्यातून बारीक तार सारायची, तिच्या टोकाला इवलासा फुगा, तो तुंबलेल्या जागी नेऊन फुगवायचा, की शीर मोकळी. नंतर तो फुगा परत बाहेर काढतात, पण हे मामांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मामांनी ऐकलं नव्हतं. त्यांच्या हिशेबाने फुगा आतच होता आणि त्याच्याच जिवावर ते चालत होते. बोळात त्यांची फार पत वाढली. अख्ख्या बोळात फुगा असलेला माणूस एकच.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा अण्णांच्या कमरेत कळ आली. मुतखडा असणार म्हणून आमच्या घरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीला पाठवलं. मी कॉलेजात होते, आई दुकानावर बसली, म्हणून अण्णांबरोबर मामा गेले. मी घरी आले तर पडद्याआड दोघं बसले होते, पुढ्यात चहा, आणि चेहऱ्यांवर असा आनंद की जणू मुतखडा निघाला नसून बक्षीस निघालंय. अण्णा म्हणाले, "खडा बारीक हाय, पाणी पिऊन जाईल म्हनत्यात. पन पद्मे, मलाबी फुगा हाय!"

मामा म्हणाले, "माझ्या कानानं ऐकलं. तिथली डॉक्टरीण म्हनली, पोटातल्या मोठ्या शिरंला फुगा हाय, ल्हान हाय, आता काय करायचं न्हाय, वरसानं दावा. बास."

आई आली ती चिडूनच. "फुगा? घातला कुनी? विचारल्याबिगर?"

इथे दोघांचंही डोकं चाललं. आदल्या वर्षी अण्णांचं हार्नियाचं ऑपरेशन झालं होतं. खूण कुठे, तर मांडीच्या सांध्याशी. मामांचा फुगा शिरला कुठून, तर मांडीच्या सांध्यातून. म्हणजे हार्नियाच्या डॉक्टरांनीच लगे हाथ फुगाही घालून ठेवला असणार, आणि माणूस भला, म्हणून कुठे बोलला नाही. इतकं सरळ गणित पुढे मला एमएस्सीलाही दिसलं नाही. अण्णांनी त्या डॉक्टरांना उत्तम प्रतीचा शर्टपीस बांधून पाठवला. त्यांनीही तो हार्नियाचा समजून आनंदाने ठेवून घेतला. आईला फक्त एकच शंका राहिली, तिने ती मला स्वयंपाकघरात हळूच विचारली. "तू सायन्सला हाईस म्हनून इचारतो. फुगा चामड्याचा न्हाय न्हवं?" आमच्या कोल्हापुरात बायकाही स्वतःबद्दल 'विचारतो', 'जातो' असंच म्हणतात. मी म्हटलं, रबराचा असतो. रबर आईला चालण्यासारखं होतं.

ते वर्ष आमच्या घरातलं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं, असं आजही माझं मत आहे, आणि त्या मताची मला भीती वाटते. तोपर्यंत अण्णा जपून असायचे. जरा छातीत जळजळलं की हात लावून बसायचे, कारण त्यांचे वडील बसल्या जागी गेले होते, पोटात कळ आली म्हणाले आणि गेले. पण आता त्यांच्याकडे फुगा होता. ताग्यांची गाठोडी ते स्वतः उचलायला लागले. कुंभोजच्या बाहुबलीच्या डोंगरावर एका दमात चढून गेले आणि वरून मलाच हाका मारत बसले. बिडी दुप्पट झाली, कारण शीर मोकळी आहे म्हटल्यावर धूर अडणार कुठे? संध्याकाळी दोघं दुकानाच्या पायरीवर बसून फुग्यांची तुलना करत. मामांचा मुंबईचा, पण छातीतला. अण्णांचा कोल्हापूरचा, पण मोठ्या शिरेतला. गिऱ्हाइकंही विचारायची, "कसा हाय फुगा?" आणि अण्णा टर्रकन कापड फाडून म्हणायचे, "फस्क्लास!"

वर्ष झालं तेव्हा त्यांना परत दाखवायची गरज वाटत नव्हती. मीच मागे लागले, तेही काही समजून नव्हे, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणून. आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नुकत्याच पुण्याहून आलेल्या, हळू आणि शुद्ध बोलायच्या. अण्णांच्या पोटावर त्यांनी ते गार मलम लावलं, यंत्राचा दांडा फिरवला, पडद्याकडे पाहिलं, परत फिरवला. मलाही पडद्यावर काहीतरी काळं, गोल, ठोके देणारं दिसत होतं, पण काय पाहायचं ते कळत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, फुगा वाढलाय. वर्षात खूपच वाढलाय."

अण्णा पडल्या पडल्या खुलले. "व्हय? बरं झालं की!"

"माझा न्हाय कदी वाढला," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क मत्सर होता. "मुंबईचा असून."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी सायन्सची म्हणून सगळं कळल्यासारखी मान हलवली. मग त्या अण्णांना म्हणाल्या, "काका, तुम्हाला हा फुगा कसला वाटतोय?"

"कसला म्हंजे? घातलेला."

"कुणी घातला?"

"हार्नियाच्या डॉक्टरनी. लई भला मानूस. शर्टपीस पाठवला त्यास्नी."

 मग बाई स्टूल ओढून बसल्या आणि समजवायला लागल्या. हा फुगा घातलेला नाही, आलेला आहे. हृदयापासून निघून पोटातून खाली जाणारी जी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, तिची भिंत कमजोर झाली, आणि रक्ताच्या दाबाने ती तेवढ्या जागी बाहेर आली. अण्णा ऐकत होते, पण त्यांच्या डोळ्यांत काही उतरत नव्हतं. ते म्हणाले, "म्हंजे गळूवानी? मग पिकला की फोडून टाका." बाई जवळजवळ ओरडल्याच, "नाही, नाही! तो फुटता कामा नये, फुटला तर..." आणि पुढचा शब्द त्यांना सापडेना. मलाही आता काहीतरी उमगायला लागलं होतं, पण नक्की काय कळलं ते मला अजून सांगता आलं नसतं. तेवढ्यात बाईंना मामांच्या खिशावरचा एसटीचा जुना बिल्ला दिसला. त्या म्हणाल्या, "मामा, तुम्ही गाडी चालवायचात ना? टायरला फुगा येतो, बघितलाय?"

मामांनी डोक्यावरची टोपी काढली. जन्मभर घाटात गाडी चालवलेल्या माणसाला टायरचा फुगा समजावून सांगावा लागत नाही. त्यांनी अण्णांच्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्या हॉर्नसारख्या आवाजाचा माणूस कुजबुजल्यागत म्हणाला, "भूपालराव, उठू नका. सावकाश उठा."

परत येताना मामांनी अण्णांचं कोपर सोडलं नाही. रिक्षावाल्याला त्यांनी प्रत्येक खड्ड्यावर शिव्या घातल्या, गतिरोधक आला की उतरून चालू म्हणाले, आणि मध्येच स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत राहिले. "आलेला आन घातलेला. आरं, माझ्या कानात बोळं हुतं का त्या दिवशी!"  बोळाच्या तोंडाशी कुणीतरी रोजच्यासारखं विचारलं, "काय अण्णा, कसा हाय फुगा?" अण्णांनी मान खाली घातली आणि पडद्याआड गेले.

त्या दिवसापासून आमच्या घरातून तो आवाज गेला. अण्णा कापड फाडेनात. चीर द्यायचे आणि पुढेही कात्रीच चालवायचे, हळूहळू, ओठ चावत. कात्रीने कापलेलं कापड वेडंवाकडं यायचं, गिऱ्हाईक कुरकुरायचं, पण अण्णांना फाटण्याचा आवाज सहन होत नव्हता. बिडी सुटली, त्याच दिवशी, न सांगता. हे एक चांगलं झालं. बाकी सगळं बिघडलं. शिंक आली तर ते दोन्ही हातांनी पोट धरायचे. आई फोडणीत मोहरी टाकायची ती तडतडू नये म्हणून झाकण घालून. मामा रोज सकाळी येऊन पायरीवर बसायचे आणि अण्णांच्या पोटाकडे बघत राहायचे, शेवटी अण्णाच वैतागून म्हणायचे, "बघून काय व्हनार हाय, हवा भरायची हाय का?" आणि मग हसू आलं तरी हसायचे नाहीत, हसताना पोट हलतं म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी पुण्याच्या एका सर्जनकडे जायला सांगितलं होतं. आता थांबणं धोक्याचं, ऑपरेशन करायला हवं. आमच्या घरच्या डॉक्टरांनी मात्र मान हलवली, या वयात पोट उघडायचं म्हणजे तेही धोक्याचंच, विचार करा. एक डॉक्टर म्हणतो न केलं तर मराल, दुसरा म्हणतो केलं तर मराल, आणि माणूस समोर बसून दोडक्याची चटणी खातोय, दुखतखुपत काही नाही. अण्णांनी निर्णय देऊन टाकला. "मी न्हाय जानार. आमचा बा बसल्या जाग्याला गेला, मीबी जातो. पोट फाडून टेबलावर मरायचं न्हाय मला." आजोबांच्या पोटातली ती कळ काय असावी, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा सुचलं. आई माझ्यावरच उखडली. "तू कशाला मागं लागलीस परत दाव म्हनून? वरीसभर हे कसं वाघावानी हुतं! सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं."  फुगा तर त्या वर्षीही होताच. डोंगर चढताना होता, गाठोडी उचलताना होता. मग आम्ही सुखी होतो ते खोटं होतं का? का आत्ताची भीती खोटी? मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयात बसून मी एवढंच शोधून काढलं की नळी जितकी रुंद होते तितका तिच्या भिंतीवर ताण वाढतो, आणि ताण वाढला की ती आणखी रुंद होते. हे मी अण्णांना गादीवर पसरलेल्या कापडावर खडूने काढून दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि कापड झटकून टाकलं.

आज मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे आम्ही हेच करतो. रोग्यांच्या पोटातून ऑपरेशनमध्ये कापून काढलेले महाधमनीच्या, म्हणजे त्याच मोठ्या शिरेच्या भिंतीचे तुकडे येतात, ते यंत्राच्या दोन चिमट्यांत धरून आम्ही ओढतो आणि कुठे फाटतात ते पाहतो. एखादा लहान फुगा का फुटतो आणि एखादा मोठा का वर्षानुवर्षं तसाच राहतो, याचं पक्कं उत्तर पन्नाशी ओलांडली तरी माझ्याकडे नाही. आकार मोजतात कारण आकार मोजता येतो. भिंत आतून किती विरलीय, ते बाहेरून अजून नीट दिसत नाही. लोकांना वाटतं शास्त्रज्ञाचा गोंधळ मिटलेला असतो. माझा तेव्हा होता तो आहे, फक्त आता त्याचा मला पगार मिळतो.

अण्णांना पुण्याला नेलं ते मामांनी. "ऑपरेशन करू नका, पन निस्तं ऐकून तर येऊ. माझ्या कानानं घोळ घातला, माझ्याच कानानं निस्तरतो." ओळखीच्या माणसाची जीप आणली, चारही टायर हाताने चाचपून पाहिले आणि मला, आईला, अण्णांना घेऊन अशी चालवली की बैलगाड्या आमच्या पुढे गेल्या. सर्जन साठीकडे झुकलेले होते, भरभर बोलायचे. त्यांनी कागदावर नळी काढली, फुगा काढला, म्हणाले, इथून इथपर्यंत आम्ही हा भाग उघडतो आणि आतून नवी नळी शिवून टाकतो. अण्णा भिंतीकडे पाहत होते. ऐकत नव्हतेच. मी रडकुंडीला आले होते. मग सर्जन सहज म्हणाले, "कापडाची नळी असते."

अण्णांनी मान वळवली. "कसल्या कापडाची?"

"पॉलिएस्टर."

"दावा बघू."

सर्जननी कपाटातून दाखवायला ठेवलेला एक नमुना काढून त्यांच्या हातात दिला. पांढरीशुभ्र नळी, पदराला बारीक चुण्या घालाव्यात तशा चुण्या घातलेली. अण्णांनी ती घेतली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे हात ओळखीचे दिसले. अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून कापड चोळलं, खिडकीच्या उजेडात धरलं, आडवं ओढलं, उभं ओढलं, नाकाशी नेलं. आईने मध्येच विचारलं, "रेशीम न्हाय न्हवं ह्यात?" किडे मारून काढलेलं रेशीम तिला अंगावर चालत नव्हतं, तर अंगात कसं चालावं? नाही म्हटल्यावर ती मागे सरली. अण्णांनी मान न वळवता विचारलं, "वीन जरा इरळ हाय. रगत गळायचं न्हाय?"

"बसवायच्या आधी तुमच्याच रक्तात भिजवून घेतो. छिद्रं बुजतात."

"म्हंजे खळ दिल्यागत." अण्णांनी कापड पुन्हा चोळलं. "आटतं का?"

"नाही."

"इरतं का?"

"आजवर तरी विरलेलं पाहिलं नाही." सर्जन जरा घुटमळले. "पण खोटं कशाला सांगू, वर्षं गेली की थोडं सैल होतं."

अण्णा माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते, पोटाला हात न लावता. "खरं बोलला गं. कापड सैल व्हतच न्हाय म्हननारा दुकानदार चोर असतोय." मग सर्जनना म्हणाले, "घाला."

दाराशी उभे असलेले मामा मोठ्याने म्हणाले, "डॉक्टर, ह्यो आता घातलेला व्हनार न्हवं? का परत आलेलाच?" सर्जनना अर्थातच काही कळलं नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, की फुग्याच्या भिंतीचा जो भाग निघेल तो अभ्यासासाठी ठेवला तर चालेल का? आईने कपाळाला आठ्या घातल्या. अण्णा म्हणाले, "कटपीस व्हय? घ्या की. कटपीस मी कुनालाबी न्हाय म्हनत न्हाय." माझ्या प्रयोगशाळेत आज त्या तुकड्यांना सगळे कटपीसच म्हणतात. केरळच्या मुली, ओडिशाचा मुलगा, सगळे. कुठून आला शब्द, ते त्यांना माहीत नाही.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल मला फारसं लिहिता येत नाही. आई बाकावर णमोकार मंत्र म्हणत होती, ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. मामा जिन्यावरून खालीवर करत होते, कुणी टायरला हवा भरल्यासारखा आवाज केला की दचकत होते. मला एवढंच आठवतं की मला फार भीती वाटत होती आणि भूकही फार लागली होती, आणि दोन्ही एकदम कसं होऊ शकतं हे मला समजत नव्हतं. नंतर सर्जन बाहेर आले, घामेजलेले, म्हणाले, भिंत इतकी पातळ झाली होती की मागे धरलेलं बोट पुढून दिसावं. आणखी थोडे दिवस गेले असते तर आपण आज बोलत नसतो. आई खाली बसली. अण्णांना शुद्ध आली तेव्हा मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. ते म्हणाले, "कापड किती लागलं?" मी म्हटलं, वीतभर. त्यांनी डोळे मिटले. "वीतभर पुरलं?"

घरी आल्यावर अण्णा बरे झाले, पण दुकान बरं झालं नाही. ते गादीवर बसायचे, ताग्याला झटका द्यायचे, मापायचे, आणि फाडायची वेळ आली की हात कात्रीकडे जायचा. आईने विचारलं तर म्हणायचे, "सवय गेली." ते ठरलेलं वाक्यही गेलं. आटत न्हाय म्हणायला गेले की मध्येच अडखळायचे. मामा पायरीवर बसून बघायचे, पण आता पोटाकडे नव्हे, हातांकडे. मला वाटायचं, फुगा काढला खरा, पण तो काढताना अण्णांतलं आणखी काहीतरी निघून गेलं, आणि ते कुठल्या अभ्यासासाठी गेलं ते कुणालाच ठाऊक नाही.

मग एका सकाळी शिरोली एमआयडीसीतला एक कामगार आला, भावाच्या लग्नाचा कपडा घ्यायला. पडद्याअलीकडे आई भाकरी थापत होती, मी शेजारी केळी सोलत बसले होते. बाहेर तागा धप्पकन पडला. त्या माणसाने बराच वेळ कापड चाचपलं असावं. मग त्याचा आवाज आला, "मालक, दिसायला झ्याक हाय, पन धुतल्यावर आटत न्हाय न्हवं?"

 आईचा हात परातीत थांबला. मग अण्णांचा आवाज आला, जुना, बोळाच्या तोंडापर्यंत जाणारा.

"पावणं, हेच कापड मी सोता आतनं घातलंय. आटलं तर तुमच्या आदी मला कळंल!"

पायरीवरून मामांचं हसणं आलं, घाटातल्या हॉर्नसारखं. कात्री एकदाच वाजली, एवढीशी. आणि मग टर्रकन, या काठापासून त्या काठापर्यंत.

"फाडलं बग त्यांनी," आई म्हणाली आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडायला लागली.